हौशी क्लब जगतो तो मैदानाबाहेरच्या माणसांवर
रग्बीसारखा नवखा खेळ जालन्यासारख्या जिल्ह्यात रुजवायचा, तर चेंडूपेक्षा आधी कार्यकर्ते आणि नव्या खेळाडूंची साखळी हवी

जालना : क्रीडा मंडळ स्थापन करणे फारसे अवघड नसते. दहा-पंधरा उत्साही मुले, एखादे मोकळे मैदान, दोन चेंडू आणि उद्घाटनाला एक पाहुणा एवढ्यावर नारळ फुटतो. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी उभा राहतो. पहिल्या फळीतले खेळाडू शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर पडतात, मंडळाचा भार वाहणाऱ्या शिक्षकांची बदली होते, वर्गणी थांबते आणि फलक तेवढा उरतो. महाराष्ट्रातल्या असंख्य मंडळांची ही कहाणी आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांसारख्या मातीतल्या खेळांनाही ती चुकलेली नाही. मग रग्बीसारख्या, मराठवाड्यात अजून नवख्या असलेल्या खेळाची स्थिती त्याहून नाजूक असणार, हे उघड आहे.

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची 'रग्बी प्रीमियर लीग' झाली आणि हा खेळ घराघरांतल्या दूरचित्रवाणी संचावर दिसला. असे काही दिसले की जिल्ह्याजिल्ह्यांत नवे क्लब निघतात. ते टिकावेत कसे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करायचा, तर भारतातल्या पहिल्याच रग्बी क्लबचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

वितळलेल्या रुपयांचा चषक

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी आपसात रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे, तर दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे खेळाडू होते. प्रतिसाद इतका चांगला होता की जानेवारी १८७३ मध्ये 'कलकत्ता फुटबॉल क्लब' स्थापन झाला. मैदान, पैसा, प्रतिष्ठा, सत्ता यांपैकी कशाचीच त्याला उणीव नव्हती. तरीही पाच वर्षांत तो संपला.

कारणे आजच्या कोणत्याही मंडळाला ओळखीची वाटावीत अशी आहेत. क्लबची भिस्त लष्करी पलटणींतल्या खेळाडूंवर होती. पलटणी हलल्या आणि खेळाडूही गेले. उरलेल्यांना कलकत्त्याच्या हवेत पोलो आणि टेनिस अधिक मानवू लागले. सभासदांना मिळणारे फुकट मद्य बंद झाले, तशी सभासदसंख्या आणखी घटली. म्हणजे क्लबचे खेळाडू एकाच ठिकाणाहून येत होते, पर्यायी खेळांशी स्पर्धा होती आणि सभासद खेळाच्या ओढीपेक्षा सवलतीच्या ओढीने आलेले होते.

उरलेल्या सभासदांनी मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. खात्यावरचे २७० चांदीचे रुपये काढून ते वितळवले आणि भारतीय कारागिरांकडून एक चषक घडवून घेतला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती आहे. हा चषक इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देण्यात आला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामना या 'कलकत्ता कप'साठी खेळला जातो. चषक दीडशे वर्षांच्या घरात पोहोचला, पण तो देणारा क्लब पाच वर्षांत संपला.

बुडालेल्या मजुरीचा जुना वाद

'हौशी' हा शब्द आपण सहज वापरतो. खेळाचे पैसे न घेणारा, एवढाच त्याचा अर्थ. रग्बीत मात्र तो शंभर वर्षे काटेकोर नियम होता. उत्तर इंग्लंडमधील खाणी व गिरण्यांतले कामगार शनिवारी सामना खेळायला गेले की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडे. ती क्लबने भरून द्यावी, अशी त्यांची मागणी होती. लंडनच्या संघटनेने ती फेटाळली. ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तरेकडील वीसहून अधिक क्लब बाहेर पडले आणि 'रग्बी लीग' हा वेगळा खेळ जन्माला आला. मूळ 'रग्बी युनियन'ने खेळाडूंना मानधन देण्यावरील बंदी उठवली ती थेट १९९५ मध्ये.

हा वाद जालन्यापासून दूरचा वाटेल, परंतु तसा तो नाही. लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण, मोंढ्यात हमाली करणारा मुलगा किंवा मोसंबीच्या बागेत रोजाने जाणारी मुलगी स्पर्धेसाठी दोन दिवस बाहेरगावी गेली, तर घरात दोन दिवसांची मजुरी येत नाही. ती झळ सोसणे ज्यांना परवडते, तेच खेळतात आणि बाकीचे न सांगता गळतात. हौशी क्लबला मजुरी देणे बहुधा शक्य नसते. पण सराव पाळीच्या वेळा पाहून ठेवणे, सामने रविवारी घेणे, प्रवास व जेवणाचा खर्च मंडळाने उचलणे एवढे निश्चित करता येते.

गळतीचा हिशेब

ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून खेळला जाणारा सात खेळाडूंचा रग्बी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवात करण्यास सोयीचा आहे. सात जण मैदानात, पाच राखीव, सात-सात मिनिटांचे दोन डाव. म्हणजे संघाला बारा खेळाडू लागतात. परंतु सरावात समोरासमोर दोन संघ उभे करायचे तर किमान चौदा जण रोज हजर हवेत. परीक्षा, आजारपण, लग्नसराई, शेतीची कामे धरली, तर चौदांच्या हजेरीसाठी पटावर पंचवीस-तीस नावे असावी लागतात.

समजा, पट तीसचा आहे. बारावीनंतर आणि नोकरीनिमित्त दरवर्षी त्यातले एक तृतीयांश, म्हणजे दहा जण बाहेर पडले, तर तेवढेच नवे टिकावे लागतात. नव्याने आलेल्या तिघांतला एकच टिकतो असे धरले, तर दरवर्षी तीस नवी मुले मैदानावर आणावी लागतील. हा हिशेब कागदावर मांडला की एक गोष्ट लक्षात येते. खेळाडूंची भरती हा वर्षातून एकदा, स्पर्धेच्या तोंडावर करायचा उपक्रम नव्हे. ते बारमाही काम आहे आणि त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला पाहिजे.

जालना जिल्ह्यात या गळतीला आणखी एक पदर आहे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठ तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कुटुंब गेले की शाळकरी मुलेही बरेचदा सोबत जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. थंडीचा काळ सरावाला उत्तम, पण नेमके त्याच काळात निम्मे गाव रिकामे होते. अशा गावांतल्या मुलांसाठी जूनपासून दसऱ्यापर्यंतचा एक आणि मार्चनंतर सकाळचा एक, असे सरावाचे दोन हंगाम आखले, तर हंगामी स्थलांतरामुळे खेळाडू कायमचा तुटत नाही. परत आलेल्या मुलाला "इतके दिवस कुठे होतास?" असे विचारण्याऐवजी त्याचे नाव पटावर कायम असल्याचे दिसले पाहिजे.

खेळाडू आधीच तयार आहेत

नवा खेळ शिकवायचा म्हणजे कोरी पाटी शोधायची, हा गैरसमज आहे. रग्बीत प्रतिस्पर्ध्याला धरून खाली आणणे याला टॅकल म्हणतात. कबड्डीत पकड करणाऱ्या मुलाला ते शिकवायला वेळ लागत नाही. खांदा खाली घालणे, तोल राखणे, पडताना अंग सोडणे हे तालमीतल्या मल्लाच्या अंगवळणी पडलेले असते. खो-खोतली हुलकावणी आणि धावपटूचा वेग हे तर सात जणांच्या रग्बीचे भांडवलच.

जालन्याला या भांडवलाची वाण नाही. २०१८ ची 'महाराष्ट्र केसरी' कुस्ती स्पर्धा जालन्यातच झाली आणि बाला रफिक शेखने अभिजित कटकेला नमवून गदा पटकावली, तेव्हा या भागातील कुस्तीचे वेड राज्याने पाहिले. गावोगावच्या जत्रांतले आखाडे अजून गाजतात. कुस्तीत वजनगटात संधी न मिळालेला किंवा कबड्डीच्या निवड चाचणीत थोडक्यात हुकलेला खेळाडू हा रग्बी क्लबसाठी आयता उमेदवार ठरतो. मात्र येथे एक पथ्य पाळावे लागते. दुसऱ्या मंडळाचा खेळाडू पळवायचा नाही. वस्तादांना आणि प्रशिक्षकांना भेटून, त्यांचा हंगाम नसेल तेव्हाच खेळाडू मागायचा. एकदा का 'आमची पोरं फोडली' असा बोभाटा झाला की पुढची पाच वर्षे त्या गावात पाऊल टाकता येत नाही.

इतर राज्यांनी हा मार्ग यशस्वी करून दाखवला आहे. बिहारमधील बाढजवळच्या गावातून आलेली स्वीटी कुमारी मुळात धावपटू. तिचा वेग हेरून तिला रग्बीकडे वळवण्यात आले आणि २०१९ मध्ये महिला रग्बीला वाहिलेल्या 'स्क्रमक्वीन्स'ने तिला जगातील सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू म्हणून निवडले. भुवनेश्वरच्या 'कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस'मधील आदिवासी मुलांच्या संघाने २००७ मध्ये लंडनला चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली. कोलकात्यात २००४ मध्ये सुरू झालेल्या 'जंगल क्रोज' क्लबने मैदानाच्या आसपास राहणाऱ्या गरीब मुलांना हाताशी धरले आणि त्यांच्यातूनच पुढे प्रशिक्षक घडवले. कलकत्त्याच्या पहिल्या क्लबला जे जमले नाही, ते त्याच शहरात सव्वाशे वर्षांनंतर जमले. खेळाडू बाहेरून येऊन जाणारे नव्हते, तिथलेच होते, हे त्यामागचे मुख्य कारण.

एकखांबी तंबू नको

खेळाडूंइतकाच, किंबहुना त्याहून कठीण प्रश्न कार्यकर्त्यांचा. बहुतेक मंडळांत एकच व्यक्ती प्रशिक्षक, सचिव, खजिनदार आणि वाहनचालक असते. बहुधा ते शाळेतले पीटीचे सर असतात. ते आहेत तोवर मंडळ आहे. त्यांची बदली झाली किंवा घरात आजारपण निघाले की चेंडू कपाटात आणि कपाटाची किल्ली हरवलेली.

यावर उपाय म्हणजे कामाचे लहान तुकडे करणे. मैदानावर फक्की मारणे, चेंडू व जर्सी सांभाळणे, प्रथमोपचाराची पेटी भरलेली ठेवणे, खेळाडूंची नोंदणी व वयाचे दाखले पाहणे, प्रवासाचे आरक्षण, पालकांशी बोलणे, हिशेब लिहिणे आणि पंचगिरी ही आठ कामे आठ जणांना वाटता येतात. आठवड्याला दोन तास देणारे आठ जण मिळणे हे रोज दोन तास देणारा एक जण मिळण्यापेक्षा सोपे असते. 'मदतीला या' असे मोघम आवाहन केले की कोणी येत नाही. 'दर रविवारी सकाळी सात वाजता फक्की मारायची आहे, तीन महिने याल का?' असे विचारले की होकार किंवा नकार लगेच कळतो. मुदत ठरलेली असल्याने माणूस अडकल्यासारखा वाटत नाही आणि बरेच जण मुदत संपल्यावरही थांबतात.

कार्यकर्ते शोधायलाही लांब जावे लागत नाही. गणेशोत्सवात दहा दिवस रात्रीचा दिवस करणारी तरुण मंडळी, गावच्या सप्ताहात पंगती वाढणारे हात, अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांसाठी वाटेवर चहापाण्याची सोय करणारे लोक याच जिल्ह्यात आहेत. पावती पुस्तक, जमाखर्च, वाटून घेतलेली कामे यांची त्यांना चांगली सवय असते. फरक एवढाच की उत्सव दहा दिवसांचा असतो आणि क्लब बाराही महिने चालवावा लागतो. म्हणून आलटून पालटून काम देणे आणि प्रत्येक जबाबदारीमागे शिकाऊ जोडीदार ठेवणे आवश्यक ठरते. निवृत्त खेळाडूंना पंचगिरी व प्रशिक्षणाकडे वळवले, तर त्यांचा खेळाशी संबंध टिकतो आणि मंडळाला अनुभवी माणसे मिळतात. 'वर्ल्ड रग्बी' या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम व सुरक्षिततेविषयीचे प्राथमिक पाठ इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. इंग्रजीची अडचण असणाऱ्यांसाठी एखाद्या महाविद्यालयीन कार्यकर्त्याने ते मराठीत समजावून दिले तरी पुष्कळ काम होते.

मुलींचा संघ हवा, तर बाईही हवी

भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ २०१८ मध्ये आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि २०१९ मध्ये सिंगापूरला हरवून त्याने पहिला विजय मिळवला. त्या संघाची कर्णधार वाहबिझ भरूचा ही पुण्याची. तरीही ग्रामीण भागात मुलीला 'धसमुसळ्या' खेळासाठी पाठवायला पालक कचरतात. मराठवाड्यात बालविवाहाचे प्रमाण चिंताजनक असून दहावीनंतर शाळा सुटली की मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा वेळी क्लबच्या पटावरचे नाव, पुढच्या महिन्यातली स्पर्धा आणि घरी येऊन विचारपूस करणाऱ्या प्रशिक्षक ताई यांचे महत्त्व खेळापलीकडचे असते.

मुलींचा संघ चालवायचा असेल, तर प्रत्येक सरावाला व प्रवासाला जबाबदार महिला कार्यकर्ती असणे हे पहिले पथ्य. अंधार पडण्यापूर्वी सराव संपवणे, कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली, स्वच्छतागृह आणि पालकांना कधीही येऊन पाहण्याची मुभा या साध्या गोष्टींवर संघ टिकतो किंवा मोडतो. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला 'पॉक्सो' कायद्याची, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याची माहिती असायला हवी. खेळाडूंच्या आया आणि मोठ्या बहिणी यांतून अशा कार्यकर्त्या पुढे येऊ शकतात. क्रीडा क्षेत्रात काम करणाऱ्या महिलांसाठी राज्य शासनाचा जिजामाता पुरस्कार आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काळी माती आणि डोक्याची दुखापत

एका गंभीर दुखापतीने अख्खा क्लब बंद पडू शकतो. जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. मुरमाड मैदानावर तर अंग सोलून निघते. त्यामुळे गवताचे किंवा नांगरून भुसभुशीत केलेले मैदान नसेल, तेथे टॅकलचा सराव करूच नये. कमरेला लावलेली पट्टी ओढून प्रतिस्पर्ध्याला थांबवण्याचा 'टॅग रग्बी' किंवा नुसता स्पर्श करण्याचा 'टच रग्बी' अशा मैदानावर खेळता येतो. लहान मुलांना आणि धास्तावलेल्या पालकांना खेळाची ओळख करून देण्यासाठीही तोच योग्य.

डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढावे आणि त्याच दिवशी पुन्हा खेळवू नये, हा या खेळातला जगभर मान्य असलेला दंडक आहे. 'काही होत नाही, खेळ' म्हणणारा प्रशिक्षक कितीही जिद्दी असला तरी मंडळाला परवडणारा नाही. दात सांभाळणारा माउथगार्ड, तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरांशी आधीच करून ठेवलेले बोलणे आणि खेळाडूंचा अपघात विमा हे खर्च टाळण्यासारखे नाहीत.

पैसा येतो कागदांमागून

हौशी क्लबचे उत्पन्न वर्गणीपासून सुरू होते. तीस खेळाडूंनी महिन्याला पन्नास रुपये दिले, तर वर्षाचे अठरा हजार रुपये होतात. त्यात चेंडू, फक्की, प्रथमोपचार आणि एखाद-दुसरा प्रवास भागतो, त्याहून अधिक नाही. वर्गणी न परवडणाऱ्याला मैदानावरील कामाच्या बदल्यात सूट द्यावी. त्याची वाच्यता मात्र होऊ नये.

पुढचा पैसा हवा असेल, तर संस्था कागदोपत्री उभी असावी लागते. किमान सात सभासद घेऊन १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, संस्थेच्या नावाचे बँक खाते, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात वेळेवर दाखल केलेला बदल अर्ज ही त्याची पायरी. अनेक जुनी मंडळे अनुदानाला मुकतात ती खेळ कच्चा म्हणून नव्हे, तर वीस वर्षांत बदल अर्जच न केल्यामुळे आणि कागदावरचे निम्मे विश्वस्त हयात नसल्यामुळे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा वा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ आणि ऑलिम्पिकमधील खेळांचे प्रशिक्षण ही कामे त्या यादीत आहेत. सात जणांचा रग्बी ऑलिम्पिकमध्ये आहे. जालना हे पोलाद आणि बियाणे उद्योगाचे शहर आहे. मात्र असा निधी घेणाऱ्या संस्थेला एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. दारात जाण्यापूर्वी ती हातात हवी. एकाच मोठ्या देणगीदारावर विसंबणेही धोक्याचे. कलकत्त्याचे सभासद सवलत बंद होताच पांगले, तसा प्रायोजक हटताच क्लबही पांगतो.

परंपरा आपलीच आहे

संस्था माणसापेक्षा दीर्घायुषी कशी करावी, हे महाराष्ट्राला नवे नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बलोपासनेचा प्रसार केला तो मठांची साखळी उभी करून आणि प्रत्येक मठावर कार्यकर्ता नेमून. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले आणि शंभरी ओलांडून आजही उभे आहे, कारण त्याने खेळाडूंबरोबर शिक्षकही घडवले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी कबड्डीसाठी गावोगाव पायपीट केली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. मैदान गाजवणाऱ्याच्या नव्हे, तर संघटकाच्या नावाने दिन साजरा करणारा हा खेळ आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

रग्बीत ट्राय केल्यास पाच गुण मिळतात आणि ते फलकावर लागतात. फक्की मारणारा, चिखलाच्या जर्सी धुणारा, मजुराच्या घरी जाऊन मुलाला पुन्हा सरावाला बोलावणारा यांचे गुण कोणत्याही फलकावर लागत नाहीत. जालन्यात वा अन्य कोणत्याही जिल्ह्यात नवा क्लब काढू पाहणाऱ्यांनी उद्घाटनाच्या पाहुण्याआधी अशा आठ माणसांची नावे कागदावर लिहून काढावीत. ती लिहिता आली, तर नारळ फोडायला हरकत नाही.